गॅसचं फायर टेबल घेताय? आधी वाकून खाली बघा

मधोमध ज्वाला, भोवती कप-बशी ठेवण्याइतकी रुंद कड आणि पोटात सिलिंडर, अशा घडणीच्या आयताकृती फायर टेबलाचं हे परीक्षण आहे. बर्नर ५०,००० बीटीयूचा, म्हणजे साधारण साडेचौदा किलोवॅटचा. कपाटात ९ किलोचा प्रोपेनचा सिलिंडर. दिसायला ही टेबलं बहुतेक सुरेखच असतात, कारण कंपन्या खर्च करतात तो वरच्या दगडी फळीवर आणि बर्नरवर पसरायच्या रंगीत काचेच्या तुकड्यांवर. गफलत खालच्या बाजूला असते आणि दुकानात तिथे फारसं कोणी डोकावत नाही.

पहिली नजर कपाटाच्या तळाकडे जाऊ द्या. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड. एखाद्या सांध्यातून झिरपला तर तो वर उडून जात नाही, बुडाशी साचतो आणि ठिणगी मिळाली की भडकतो. म्हणून हवेची तोंडं तळालगत हवीत, तीही समोरासमोरच्या बाजूंना. चांगल्या टेबलात तळ जवळजवळ उघडाच असतो आणि सिलिंडर एका कड्यात घट्ट बसतो. स्वस्त मॉडेलांत चारही बाजू शोभेसाठी बंद आणि हवेच्या नावाखाली वर दोन फटी. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्यामुळे त्याला वरच्या फटी लागतात, पण सिलिंडरच्या गॅसला त्यांचा उपयोग शून्य. एवढ्या एका कारणावरून टेबल नाकारलं तरी चालेल. तोंडं चांगली असली तरी पुढे तिथे कुंड्या टेकवून किंवा खाली जाड गालिचा घालून ती बुजवू नका.

बर्नरची ताटली आणि सिलिंडर यांच्यामध्ये उष्णता अडवणारा पत्रा आहे ना, हेही बघा. नळी त्या ताटलीला कुठेच टेकता कामा नये.

दुसरी तपासणी बर्नरच्या बुडाशी. नळी बर्नरला मिळते तिथे बाजूला भोकं असलेला छोटा पितळी किंवा स्टीलचा तुकडा असतो. हा एअर मिक्सर. गॅस वेगाने जाताना याच भोकांतून हवा ओढून घेतो. प्रोपेन नीट जळायला हवा भरपूर लागते, ती मिळाली नाही की ज्वाला आळसटलेली पिवळी होते आणि काच काळी पडते. नैसर्गिक वायूचं टेबल सिलिंडरवर चालवायचं असेल तर नुसती नळी बदलून भागत नाही. जेट (गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड), रेग्युलेटर आणि मिक्सर तिन्ही बदलावे लागतात. नैसर्गिक वायूच्या जेटचं भोक मोठं असतं; त्यातून प्रोपेन सोडला तर ज्वाला नको तेवढी उंच उसळते. कंपनीचा रूपांतर संच नसेल तर या भानगडीत पडू नये.

तिसरी गोष्ट थर्मोकपल. ज्वालेत बुडालेली ही बारीक दांडी तापली की काही मिलिव्होल्ट वीज तयार करते आणि तेवढ्या विजेवर व्हॉल्व्हमधलं चुंबक गॅस उघडा धरून ठेवतं. वाऱ्याने ज्वाला विझली की दांडी थंड होते आणि गॅस आपोआप बंद होतो. हे काम करतंय की नाही ते सोप्या रीतीने कळतं. टेबल पाच मिनिटं चालू द्या, मग नॉबला हात न लावता सिलिंडर बंद करा. ज्वाला विझल्यावर मिनिट-दीड मिनिटाच्या आत नॉबखालून ‘टक्’ असा आवाज यायला हवा. तो आला की नॉब बंद करून टाका. काडीने पेटवायची, थर्मोकपल नसलेली मॉडेलंही विकली जातात. आमच्या मते ती कोणत्याच किमतीला घेण्यासारखी नाहीत.

मांडणीच्या बाबतीत पुस्तिकेतलं अंतर हेच प्रमाण. या ताकदीच्या टेबलांना सहसा चारी बाजूंना सुमारे ९० सेंटिमीटर आणि वर निदान दोन मीटर मोकळी जागा सांगितलेली असते. तुमच्या मॉडेलला जास्त लिहिली असेल तर जास्तच सोडा. छत्री, कापडी मांडव, लोंबत्या फांद्या यांच्याखाली नको. तिन्ही बाजूंनी बंद व्हरांडाही नको, कारण तिथे साचणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. जमीन सपाट हवी. लाकडी किंवा प्लॅस्टिक मिसळलेल्या फळ्यांवर ठेवायचं असेल तर खाली न जळणारी चटई घाला.

जोडणीला वेळ द्या. रेग्युलेटर घालण्याआधी सिलिंडरच्या तोंडातली रबरी रिंग बोटाने चाचपा. चिरलेली किंवा चपटी झालेली असेल तर जोडू नका. हाताने आवळायच्या जोडणीला पान्हा लावायचा नाही. नळीच्या टोकाचा निमुळता सांधा धातूवर धातू बसूनच बंद होतो, त्यावर टेप गुंडाळला तर उलट गळतो. टेप लागतो तो पाइपच्या आट्यांना आणि तोही गॅससाठी बनवलेला. सिलिंडर नेहमी उभाच. आडवा पडला तर वायूऐवजी द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो.

मग साबणाची परीक्षा. भांड्यांचा पातळ साबण आणि पाणी समसमान घ्या. नॉब बंद ठेवून सिलिंडर उघडा आणि ब्रशने ते पाणी सिलिंडरचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, नळीची दोन्ही टोकं आणि नॉबमागचा सांधा यांवर लावा. ब्रशने आलेला फेस जागीच बसतो. गळती असेल तर एक बुडबुडा हळूहळू फुगत जातो, फुटतो आणि त्याच जागी दुसरा येतो. ही खूण पक्की. तसं दिसलं तर सिलिंडर बंद, सांधा सोडवून पुन्हा बसवा आणि पुन्हा पाणी लावा. काडी पेटवून गळती शोधणारे अजूनही भेटतात. त्यांना टेबलापासून लांब ठेवा. सिलिंडर बदलला की दर वेळी हीच परीक्षा.

पेटवताना वरचं झाकण आणि आच्छादन काढा, सिलिंडर हळू उघडा, चेहरा बाजूला ठेवून नॉब दाबा आणि ठिणगी द्या. पेटल्यावर नॉब वीस-तीस सेकंद दाबून धरावा लागतो, थर्मोकपल तापेपर्यंत. पाच सेकंदांत पेटलं नाही तर सगळं बंद करून पाच मिनिटं थांबा. घाईने परत परत ठिणगी दिली तर खाचेत साठलेला गॅस भसकन पेटतो.

‘हळू उघडा’ यावर थोडं थांबायला हवं, कारण या टेबलांबद्दलची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार इथूनच येते: ज्वाला बोटभर उंच आणि नॉब पूर्ण फिरवूनही वाढत नाही. अनेक सिलिंडरांच्या जोडणीत जादा प्रवाह रोखणारी कळ असते. नळी तुटली तर गॅस अडवावा हे तिचं काम. सिलिंडर झटकन उघडला, किंवा नॉब आधीच उघडा असताना उघडला, की रिकाम्या नळीत गॅस एकदम धावतो. कळीला वाटतं नळीच फुटली आणि ती थेंबभर गॅस सोडत राहते. उपाय असा: नॉब बंद, सिलिंडर बंद, रेग्युलेटर सोडवून दोन-तीन मिनिटं थांबा, पुन्हा जोडा, साबणाची परीक्षा घ्या आणि सिलिंडर सावकाश उघडा. बिघाड म्हणून परत पाठवलेल्या कित्येक टेबलांना एवढाच उपचार पुरला असता.

ज्वाला सुरुवातीला छान आणि तासाभराने मंद होत असेल तर सिलिंडरला हात लावून बघा. द्रवाचा वायू होताना उष्णता ओढली जाते, सिलिंडर गार पडतो, बाहेर पाणी किंवा बर्फ धरतो आणि दाब उतरतो. पूर्ण ज्वालेवर हा बर्नर तासाला सुमारे एक किलो गॅस खातो. म्हणजे भरलेला ९ किलोचा सिलिंडर आठ-साडेआठ तास. त्याहून लहान सिलिंडर लावला की गारठण्याचा त्रास लवकर सुरू होतो. ब्युटेन शून्याच्या आसपासच वायुरूप व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत होत राहतं. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत ब्युटेनचं प्रमाण जास्त असलेला गॅस उपयोगाचा नाही. सिलिंडरला कोमट पाण्याखेरीज कोणतीही ऊब देऊ नये. खरं तर तीही नको, ज्वाला कमी करा.

बर्नरवर घालायला सोबत मिळणारी टेम्पर्ड काच किंवा लाव्हा खडे, एवढंच. नदीतले गोटे आणि बागेतली खडी साफ नको: आतला ओलावा वाफ होऊन दगड फुटतो आणि कपचे उडतात. साधी फोडलेली काचही तडकते. काचेचा थर बर्नरच्या वर दोन-अडीच सेंटिमीटरच ठेवा. टेबल भरगच्च दिसावं म्हणून जास्त ओतली की प्रोपेन खाली तुंबतो, पेटायला उशीर होतो आणि मग भडका. थर्मोकपल आणि ठिणगीची पिन यांच्याभोवतीची जाळी उघडी राहायलाच हवी. लाव्हा खड्यांत हवा खेळती राहते, पण त्यांचा चुरा बर्नरच्या भोकांत जातो. वापरण्याआधी धुऊन पूर्ण वाळवा.

काचेचं वाराकुंपण जादा पैसे देऊनही घ्यावं. वाऱ्यात ज्वाला एका बाजूला लवते, थर्मोकपल उघडं पडतं आणि टेबल वारंवार विझतं. मात्र कुंपणाच्या खाली हवेसाठी फट हवी आणि तापलेल्या काचेवर पाणी उडू देऊ नका. फार वारा असेल तर टेबल बंदच बरं.

देखभालीत काजळीपेक्षा कोळी जास्त सतावतात. बर्नर बरेच दिवस बंद राहिला की ते मिक्सरच्या नळीत जाळी विणतात. गॅस पुढे सरकत नाही आणि ज्वाला बर्नरऐवजी खाली, मिक्सरच्या भोकांपाशी पेटते. लांब बंद काळानंतर नळी मऊ ब्रशने साफ केल्याशिवाय पेटवू नका. बर्नरची भोकं बारीक तारेने मोकळी करा, पण रुंद करू नका. गुळगुळ असा आवाज आणि नाचरी ज्वाला म्हणजे बर्नरमध्ये पावसाचं पाणी. काच काढून बर्नर उलटा करून निथळा. नळीवर भेगा, फुगवटा किंवा उंदराचे दात दिसले तर चिकटपट्टी नाही, नवी नळी. ठिणगी येत नसेल तर आधी बॅटरी आणि तिच्या कप्प्यातला गंज बघा, मग पिन आणि धातू यांतलं अंतर. तीन-चार मिलिमीटर पुरे. झाकण घालायचं ते टेबल पूर्ण गार झाल्यावर; काच वरून दिसते त्यापेक्षा बराच वेळ तापलेली राहते. सिलिंडर काढून ठेवायचा झाल्यास घराबाहेर, सावलीत, उभा.

ऊब किती? कडेला बसलेल्यांचे हात आणि तोंड छान शेकतं, पाठ थंडच. बरीचशी उष्णता सरळ वर जाते, तेव्हा हीटरच्या अपेक्षेने घेणाऱ्यांची निराशा होईल. भाजण्या-शेकण्यासाठीही हे नाही. चरबीचे थेंब काचेवर आणि बर्नरमध्ये पडून भोकं बुजतात.

बसून गप्पा मारायला, धुराशिवाय आणि राख न उपसता ज्वाला हवी असेल तर मात्र या घडणीचं टेबल पैसे वसूल करतं. घेण्यापूर्वी दुकानदाराला एवढं नक्की विचारा की थर्मोकपल, इग्नायटर (ठिणगी देणारा भाग) आणि नळी सुटी मिळते का. झिजणारे भाग हेच तीन. नाही म्हणाला तर दुसरं मॉडेल बघा.