सत्ता-स्वारस्य तक्ता: क्रीडास्पर्धेच्या आयोजनात कितपत कामाचा?

स्पर्धेशी संबंध असलेल्या प्रत्येकाकडे किती सत्ता आणि किती रस आहे, हे मांडणारा हा तक्ता: उभ्या अक्षावर सत्ता, आडव्यावर स्वारस्य, मध्ये चार चौकटी. यजमान सरकार, महासंघ, प्रायोजक, प्रसारक, रहिवासी हे सगळे तासाभरात बसवता येतात. सुरुवातीला उत्तम.

खोट एकच, पण मोठी आहे. कोणाला किती रस आहे ते कळतं, कशासाठी आहे ते कळत नाही. आणि बदलतं नेमकं तेच. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धांचं यजमानपद एप्रिल २०२२ मध्ये घेतलं ते प्रादेशिक शहरांच्या विकासासाठी. खर्चाचा अंदाज फुगला आणि जुलै २०२३ मध्ये सरकारने अंग काढून घेतलं. कतारमध्ये २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या उद्घाटनाला दोन दिवस उरले असताना स्टेडियमच्या आवारातली बिअरविक्री बंद झाली. प्रायोजक बिअर कंपनी, फिफा आणि यजमान, तिघांचे हेतू वेगळे, तरी या तक्त्यात तिघेही एकाच चौकटीत बसले असते!

तक्ता जरूर वापरा, पण तीन रकाने वाढवा: आजचा हेतू, तो फिरवू शकणारी घटना (निवडणूक, अर्थसंकल्प, कराराचं नूतनीकरण) आणि शेवटच्या तपासणीची तारीख. तपासणी दर तिमाहीला, अखेरच्या वर्षी दरमहा. रहिवाशांना ‘कमी सत्ता’ चौकटीत टाकून विसरू नका; जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराची २०२४ ऑलिम्पिकची दावेदारी २०१५ च्या सार्वमतानेच संपली.