माळ्यावरचा रॉकेल जनरेटर पुन्हा चालू केला: मार्च ते दिवाळी वापरल्यानंतर

लोडशेडिंगच्या काळात घेतलेला, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर टाकायचा आमचा छोटा जनरेटर अमळनेरच्या घरी कितीतरी वर्षं माळ्यावर पडून होता. असा सेट ज्यांच्याकडे असेल त्यांनी तो भंगारात देऊ नये, म्हणून लिहितोय.

आधी अधिकृत सर्व्हिसवाल्याकडे नेला. त्याने न उघडताच अख्खा कार्ब्युरेटर (इंजिनसाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) बदलायला सांगितला, वायंडिंगची, म्हणजे आतल्या तारांच्या गुंडाळीची, खात्री नाही म्हणाला, आणि आकडा असा सांगितला की मी सेट उचलून घरी आणला. संताप झाला. उघडून तरी बघायचं! गल्लीतल्या मोटार रिवायंडिंगवाल्या दादांनी मात्र दोरी हळूच ओढून बघितली आणि म्हणाले, "जीव शे यानामा." (यात जीव आहे.)

प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडलं, रात्रभर मुरू दिलं, मग इंजिन हाताने फिरवलं. एअर फिल्टरचा स्पंज हातातच भुगा झाला आणि आत उंदराचं घरटं निघालं. कार्ब्युरेटरच्या वाटीत जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा थर होता. जेटचं, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक नळीचं, भोक तांब्याच्या बारीक तारेने मोकळं करायचं; पोलादी तारेने ते मोठं होतं आणि मग सेट पेट्रोल पितो.

इंजिन धडधडलं, पण व्होल्ट शून्य. मी हबकलो. वर्षानुवर्षं बंद राहिलं की रोटरमधलं (जनरेटरच्या फिरत्या भागातलं) उरलेलं चुंबकत्व जातं, आणि त्याशिवाय वीज तयार व्हायला सुरुवातच होत नाही. आमचा सेट ब्रशचा आहे, म्हणजे फिरत्या रोटरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे असलेला. दादांनी लोड काढून बाईकची १२ व्होल्टची बॅटरी ब्रशला क्षणभर लावली, प्लसला प्लस, आणि मीटरचा काटा वर गेला. ब्रश नसलेल्या सेटची तऱ्हा वेगळी, तिथे आधी कपॅसिटर तपासतात. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

आता माझं खरं दुखणं. वाटीच्या तळाला पेट्रोल काढायचा एक ड्रेन स्क्रू असतो. आमच्या सेटला तो पाइपाच्या फ्रेमच्या बरोब्बर आड दिलाय, सरळ स्क्रू ड्रायव्हर पोचतच नाही. सुरुवातीला माझं मत होतं की त्याची गरजच नाही: पेट्रोलचा कॉक (तोटी) बंद करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, वाटी रिकामी होते. पावसाळ्यात ते मत बदललं. काही आठवडे बंद राहिल्यावर इंजिन कमी-जास्त, कमी-जास्त होऊ लागलं. वाटी उतरवली तर तळाशी पाण्याचे थेंब. जेटच्या खालचं थोडं इंधन इंजिन ओढूच शकत नाही, ते तिथेच राहतं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. त्यामुळे आता दर वेळी बुटका स्क्रू ड्रायव्हर घेऊन तो स्क्रू उघडतोच. जुना सेट विकत घेणार असाल तर रंग, आवाज नंतर बघा, आधी खाली वाकून हा स्क्रू कुठे आहे ते बघा. यंत्र बनवणाऱ्याला वापरणाऱ्याची किती काळजी होती, ते मला तिथे कळतं.

रेशनचं निळं रॉकेल आता मिळत नाही, म्हणून रॉकेलचा कॉक कायम बंद. नुसतं पेट्रोल महाग पडतं, तरी मे-जूनच्या वादळात तारा तुटून रात्ररात्र वीज गेली तेव्हा पंखे, दिवे, मोबाइल याच्यावर चालले. आईला ४४-४५ अंशांच्या दिवसानंतर पंख्याखाली झोप लागली, तिथेच माझे पैसे वसूल झाले. फ्रिज लावत नाही. सुरू होताना कॉम्प्रेसर चालण्यापेक्षा कितीतरी पट करंट ओढतो.

एक कळकळीने सांगतो. सेट अंगणातच चालवा, खोलीत किंवा बंद ओसरीत कधीही नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि घरच्या सॉकेटमध्ये उलटी वायर खुपसून सगळं घर चालवू नका. तीच वीज मीटरमधून उलटी लाइनवर जाते, आणि खांबावर आपल्याचसाठी वायरमन चढलेला असतो. चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, म्हणजे घर एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकालाच जोडलेलं राहतं. मी या सगळ्या दुरुस्तीत कुठे मन मोकळं करून खर्च केला असेल, तर तो त्या स्विचवर.