धोकाचिन्हांचा संच: स्टिकर घ्यावेत, तक्ता भिंतीवर लावू नये

पुण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र प्रयोगशाळेचे कपाट सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. यंदा जूनमध्ये वर्ग सुरू होण्यापूर्वी कपाटातील सुमारे दीडशे बाटल्यांना नव्याने लेबले लावायचे ठरले आणि त्यासाठी अप्पा बळवंत चौकाजवळच्या शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून धोकाचिन्हांचा संच आणला. संचात नऊ चिन्हांचे प्रत्येकी वीस स्टिकर, हाताने लिहिण्यासाठी साठ कोरी लेबले आणि भिंतीवर लावायचा एक मराठी तक्ता आहे. किंमत ६५० रुपये. संच पुण्यातच छापलेला आहे. छापणाऱ्याचे नाव येथे देत नाही, कारण तक्त्याविषयी लिहायचे आहे ते कडक आहे आणि त्यांना दुरुस्तीची संधी मिळावी असे मला वाटते. हा अभिप्राय चार महिन्यांच्या वापरानंतरचा आहे.

तांबडी किनार, पांढरी पार्श्वभूमी आणि आत काळे चित्र असलेली ही चौकट जीएचएस नावाच्या, म्हणजे रसायनांचे धोके जगभर एकाच रीतीने दाखवण्याच्या पद्धतीतील आहे. देशोदेशी एकाच रसायनाला वेगवेगळी चिन्हे लावली जात, त्यातून होणारा गोंधळ मिटवावा असे १९९२ च्या रिओ परिषदेत ठरले, आणि संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये या पद्धतीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यात दर दोन वर्षांनी सुधारणा होत असते. आपल्याकडे घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांनी भांड्यावर लेबल आणि सोबत सुरक्षा माहितीपत्रक मागितलेले आहे, मात्र नऊ चिन्हांची ही पद्धत सरसकट सक्तीची झालेली नाही. त्यामुळे आमच्या कपाटात जुने नारिंगी चौकोन, नवे तांबडे चौकोन आणि नुसतेच नाव लिहिलेल्या बाटल्या अशा तीन पिढ्या शेजारी शेजारी नांदत होत्या.

स्टिकरांबद्दल प्रथम चांगले सांगते. संहत हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीचे बूच कितीही घट्ट लावले तरी तिच्या वाफा निसटतात, कागदी लेबल वर्षभरात पिवळे पडते आणि पुढे बोट लावताच त्याचा चुरा होतो. या संचातील प्लास्टिकच्या स्टिकरांना त्या वाफांनी चार महिन्यांत काहीही झालेले नाही. ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा मी एका स्टिकरवर दहा वेळा घासून पाहिला; छपाई जागची हलली नाही. कोऱ्या लेबलावर बॉलपेनने लिहिलेले नाव मात्र पहिल्याच बोळ्यात निळा डाग होऊन पसरले. त्यावर शिसपेन्सिलीने लिहावे, पेन्सिलीतले ग्राफाइट विद्रावकाला दाद देत नाही. आमच्याकडील जुने लोक हेच करीत असत. खिडकीजवळच्या फळीवरील स्टिकरांची तांबडी किनार दोन महिन्यांत गुलाबी झाली आहे, पण बाटल्या उन्हात ठेवणे हा दोष छापणाऱ्याचा नव्हे.

आकाराबाबत तक्रार आहे. प्रत्येक स्टिकर २५ मिलिमीटरचा आहे. अर्ध्या लिटरच्या बाटलीला तो शोभतो, परंतु आमच्या कपाटातील पोटॅशियम डायक्रोमेटची १०० ग्रॅमची बाटली घेऊन बसल्यावर पंचाईत झाली. बारावीच्या क्षारविश्लेषणात ज्याच्या द्रावणात बुडवलेला कागद हिरवा झाला की सल्फर डायऑक्साइड ओळखला जातो, तेच हे देखणे नारिंगी स्फटिक. त्याच्या माहितीपत्रकाचा दुसरा विभाग उघडला तर नऊपैकी पाच चिन्हे त्याला लागतात: ते आग भडकवते, गिळल्यास विषारी आहे, त्वचा जाळते, कर्करोगास कारण होऊ शकते आणि जलचरांनाही मारक आहे. पाच स्टिकर लावल्यावर बाटलीवर नाव लिहायला जागा उरली नाही. अखेर एक कोरे लेबल घेऊन त्यावर पाच चिन्हे हाताने लहान काढली. युरोपातील नियम तीन लिटरपर्यंतच्या भांड्यावर शक्य तेथे १६ मिलिमीटरचे चिन्ह पुरेसे मानतात. त्या मापाचा एखादा जादा ताव संचात दिला असता तर हे टळले असते.

नुसती ज्योत आणि गोलावरची ज्योत ही दोन चिन्हे तीन हातांवरून सारखीच दिसतात, हे येथे आणखी ठळक जाणवते, कारण गोलाची रेघ फार बारीक छापली आहे. ज्योत म्हणजे पदार्थ स्वतः पेटतो. गोलावरची ज्योत म्हणजे तो ऑक्सिजन पुरवून दुसऱ्याची आग वाढवतो. ॲसिटोनचा ज्वलनांक (फ्लॅश पॉइंट) उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याने पुण्यातील डिसेंबरच्या पहाटेही त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. अशा बाटलीशेजारी गोलावरच्या ज्योतीचे पोटॅशियम परमँगनेट ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण. सप्टेंबरमध्ये आमच्याच एका विद्यार्थ्याने आवराआवर करताना ‘मॅडम, दोन्हीवर ज्योत आहे म्हणून एकत्र ठेवल्या’ असे सांगितले. चूक त्याची नव्हती. त्या दिवसापासून गोलावरच्या ज्योतीच्या बाटल्या मी वेगळ्या फळीवर ठेवते.

चिन्ह पाहून सगळे समजले असे मानणाऱ्यांनी हायड्रोक्लोरिक आम्लाचे लेबल नीट वाचावे. त्यावर हात आणि धातू कोरणाऱ्या थेंबांच्या चिन्हासोबत उद्गारचिन्हही असते. त्वचेची साधी जळजळ दाखवायलाही उद्गारचिन्हच वापरतात, पण त्वचा जळण्याचे मोठे चिन्ह आधीच असेल तर त्याच कारणासाठी ते पुन्हा लावत नाहीत. मग येथे ते कशासाठी? उत्तर चिन्हांखालच्या, धोका सांगणाऱ्या ‘एच’ वाक्यांत मिळते: एच ३१४ म्हणजे त्वचा व डोळे गंभीररीत्या भाजतात, आणि एच ३३५ म्हणजे श्वसनमार्गाला त्रास होऊ शकतो. उद्गारचिन्ह या दुसऱ्या वाक्याचे आहे. एच मागचा पहिला अंक २ असेल तर आग-स्फोटासारखा भौतिक धोका, ३ असेल तर आरोग्याचा आणि ४ असेल तर पर्यावरणाचा, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ उलगडा होतो. संचातील कोऱ्या लेबलावर या वाक्यांना एकही ओळ दिलेली नाही.

नावासाठी ओळ आहे, पण तीही एकच. नावाने काय घोटाळा होतो त्याचा अनुभव आम्ही गेल्या वर्षी घेतला. प्रयोगशाळेत ‘हायपो’ म्हणजे सोडियम थायोसल्फेट. साफसफाई करणाऱ्यांच्या बोलण्यात ‘हायपो’ म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. सुटीत आलेल्या एका सेवकाने कपाटातील ‘हायपो’ लिहिलेले पाण्यासारखे द्रावण घेऊन फरशी पुसून काढली. फरशी निर्जंतुक झाली नाही, इतकेच. उलट घडून हायपोक्लोराइट आम्लाजवळ गेले असते तर क्लोरीन वायू सुटला असता. पहिल्याचा कॅस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा स्वतंत्र ओळखक्रमांक) ७७७२-९८-७ आणि दुसऱ्याचा ७६८१-५२-९; बोलीतले नाव काहीही असो, क्रमांकात गल्लत होत नाही. कोऱ्या लेबलावर त्यासाठी जागा हवीच होती. मी ती पेन्सिलीने आखून घेतली आहे.

आता तक्ता. तो मराठीत आहे म्हणूनच मी हा संच निवडला होता, आणि त्याच तक्त्याने निराशा केली. जीएचएसमध्ये लेबलावर दोनपैकी एकच संकेतशब्द येतो: अधिक तीव्र धोक्याला ‘डेंजर’ आणि त्याखालील धोक्याला ‘वॉर्निंग’. तक्त्यात दोन्हींचे भाषांतर ‘सावधान’ असे करून हा भेदच पुसून टाकला आहे. त्यातच शेजारी कीटकनाशकांचे रंगीत त्रिकोण कसलेही स्पष्टीकरण न देता छापले आहेत. जुन्नर-पुरंदरकडून येणाऱ्या आमच्या मुलांना ते त्रिकोण घरच्या गोठ्यातील डब्यांवरून पाठ असतात: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. तेथे ‘डेंजर’ हा शब्द तिसऱ्या, म्हणजे निळ्या त्रिकोणासोबत येतो. लाल-पिवळ्यावर ‘पॉयझन’ असते. एकच शब्द एका पद्धतीत वरच्या पायरीवर आणि दुसरीत खालून दुसऱ्या पायरीवर, हे न सांगता दोन्ही शेजारी मांडणे म्हणजे मुलांना मुद्दाम चकवणे होय.

त्याहून गंभीर चूक प्रवर्गांची, म्हणजे धोक्याच्या तीव्रतेच्या पायऱ्यांची आहे. तक्ता म्हणतो, ‘प्रवर्ग १ सौम्य, प्रवर्ग ४ अतितीव्र’. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. गिळल्यावर होणाऱ्या विषबाधेत शरीराच्या दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रा प्राणघातक ठरत असेल तर पदार्थ प्रवर्ग १ मध्ये जातो. ३०० ते २,००० मिलिग्रॅम लागत असतील तर प्रवर्ग ४ मध्ये. पहिल्या तीन प्रवर्गांना कवटी आणि चौथ्याला उद्गारचिन्ह. छापणाऱ्याने बहुधा अमेरिकी अग्निशमन संस्थेच्या चौरंगी चौकटीचे आकडे उचलले असावेत, कारण तेथे ० म्हणजे निर्धोक आणि ४ म्हणजे सर्वाधिक धोका असा चढता क्रम असतो. दोन पद्धती, दोन उलटे क्रम आणि मधे अडकलेला सोळा वर्षांचा वाचक.

तरीही हे सगळे मी लाल पेनाने दुरुस्त करून तक्ता भिंतीवर राहू दिला असता. परंतु तळाच्या ‘प्रथमोपचार’ चौकटीत लिहिले आहे: ‘रसायन पोटात गेल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी करवावी.’ हे वाचून मी तक्ता त्याच दिवशी काढला. गिळलेले आम्ल उलटीबरोबर वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळते. रॉकेलचे तर वेगळेच आहे. आमच्याकडे सोडियम धातू रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेला असतो, म्हणून त्याची बाटली कपाटात आहेच. रॉकेलवर छातीवर चांदणी फुटलेल्या माणसाचे चिन्ह लागते ते एच ३०४ मुळे: गिळलेला द्रव फुप्फुसात शिरल्यास प्राणघातक ठरू शकतो. उलटी करवली की नेमके तेच होण्याची शक्यता वाढते. लेबलावरील पी ३३१ हे वाक्य स्पष्ट सांगते की उलटी करवू नका. पी ची वाक्ये म्हणजे खबरदारीच्या सूचना. तक्त्यात त्यांचा उल्लेखही नाही.

दुकानात जाऊन मी हे सांगितले. काउंटरवरच्या गृहस्थांनी चष्मा चढवून ती चौकट दोनदा वाचली आणि म्हणाले, ‘मॅडम, इतकी वर्षे विकतोय, पण कुणी इतकं खालपर्यंत वाचलं नव्हतं. तुम्ही लिहून द्या, मी छापणाऱ्याला पाठवतो.’ मी लिहून दिले. स्टिकर संपत आल्यामुळे दुसरा संच तक्त्याशिवाय मिळेल का असे विचारले, तर संच फोडून विकता येत नाही असे उत्तर मिळाले. म्हणून स्टिकरांना पाचपैकी चार गुण, कोऱ्या लेबलांना दोन, तक्त्याला शून्य. दुसऱ्या संचातील तक्ता मी दुकानातच त्यांच्याकडून फाडून घेतला, आणि ६५० रुपये पूर्ण दिले.