जुनीच प्रेशर प्लेट की नवी?

घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर रोज हाफ क्लचवर रांगेत सरकायचं, मग क्लच जळणारच. परवा गिअरबॉक्स उतरवला तेव्हा क्लच प्लेट रिव्हेटपर्यंत झिजलेली. ती बदलायचीच होती. प्रश्न प्रेशर प्लेटचा, म्हणजे क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर (इंजिनसोबत फिरणाऱ्या जड चाकावर) दाबून धरणाऱ्या चकतीचा. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, पॉलिश पेपर मारून हीच बसवू, पैसे वाचतील."

उजेडात धरली. कडेला निळे-जांभळे डाग, मधे केसाएवढ्या चिरा. निळा डाग म्हणजे बीड (प्लेटचं ओतीव लोखंड) तिथे नको तेवढं तापलंय, कडक झालं असण्याचीही शक्यता. पेपरने रंग जातो, कडकपणा जात नाही. मग गाडी उचलताना थरथरते. वर स्टीलची पट्टी आडवी धरली तर खालून उजेड दिसला. वाकलेली! प्लेटला दाब देणारी डायफ्राम स्प्रिंगही तापून ढिली पडते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

जुनीच्या बाजूने एकच गोष्ट, आज वाचणारे पैसे. नुसती काचेसारखी चकाकी आलेली, पण सपाट प्लेट असती तर मीही हो म्हटलं असतं. पण दोन महिन्यांनी गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची मजुरी कोण भरणार? पूर्ण सेट नवा घेतला, क्लच दाबल्यावर ती स्प्रिंग ढकलणाऱ्या रिलीज बेअरिंगसकट. फ्लायव्हील मात्र जुनंच ठेवलं. त्यावर चिरा नव्हत्या, लेथवर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घेतलं.