लगेच ईआरसीपी की दोन-तीन दिवस थांबायचं?

पित्ताशयातला खडा सरकून स्वादुपिंडाला सूज आली की घरच्यांचा पहिला प्रश्न, तोंडातून पित्तनलिकेपर्यंत दुर्बीण घालून, म्हणजे ईआरसीपी करून, खडा आजच का काढत नाही? मामांच्या वेळी मीही हेच विचारत होतो. पण सौम्य केसमध्ये खडा बऱ्याचदा आपोआप आतड्यात उतरून जातो, मग ईआरसीपी करून काढणार काय? वर त्या प्रोसिजरनेच स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

२४ तासांच्या आत करायची ती थंडी वाजून ताप, कावीळ, म्हणजे पित्तनलिकेत इन्फेक्शन असेल तर, तिथे थांबणं महागात पडतं. नाहीतर सलाईन, पेनकिलर, बिलिरुबिनवर (रक्तातल्या काविळीच्या आकड्यावर) लक्ष, ते उतरत नसेल तर एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकेचा एमआरआय, आणि त्यात खडा दिसला तरच दुर्बीण. मामांचं बिलिरुबिन तिसऱ्या दिवशी ४ वरून दीडवर आलं, दुर्बीण टळली. नेदरलँड्सच्या २०२० च्या ट्रायलमध्ये तर आजार गंभीर होईल असं वाटणाऱ्या पेशंटनाही, इन्फेक्शन नसताना, घाईच्या ईआरसीपीचा फायदा दिसला नाही.

मी थांबण्याच्या बाजूने, पण फक्त दुर्बिणीसाठी हां! पित्ताशय मात्र शक्यतो त्याच ॲडमिशनमध्ये काढून टाकायचं, महिनाभराने बघू म्हटलं की परत अटॅक यायची रिस्क वाढते.