करडईचं काटेरी कुंपण : दोन रब्बींनंतरचा अनुभव

आधी कृषी केंद्राचं सांगतो, कारण अर्धा राग तिथलाच आहे. चितळांना अडवायला हरभऱ्याभोवती कुंपण म्हणून लावायची होती, म्हणून काटेरी करडई मागितली, मिळाली बिनकाट्याची. रोप लहान असताना दोन्ही सारखीच दिसतात. साठ दिवस उलटले, बोंडं धरली आणि बोंडाभोवती काटा नाही, तेव्हा उलगडा झाला. दुकानदार म्हणतो, "तेलाला चांगली आहे ना!" पावतीवर नुसतं 'करडई' लिहिलेलं, जात नाही, लॉट नंबर नाही. तक्रार करणार कशाची?

नारी-6 सारखी बिनकाटेरी जात पाकळ्या वेचणाऱ्यांच्या सोयीची आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण जंगलालगतच्या वावरात, धुऱ्यावर म्हणजे बांधावर, तिचा उपयोग एकच : चितळांसाठी मुद्दाम पेरलेला हिरवा चारा. भीमा किंवा परभणी कुसुम या काटेरी जाती घ्या, आणि पिशवीचा टॅग दुकानातच वाचा.

दुसऱ्या वर्षी खरी काटेरी करडई लावली आणि महिनाभर वाटलं, हीदेखील फसली. याचं कारण जो तो सल्ला देणारा विसरतो. करडईचा पाला पहिले चाळीस-पंचेचाळीस दिवस मऊ असतो. आपण त्याची भाजी करतो, मग चितळ का सोडेल? रोप जमिनीसरशी पसरलेलं असताना काटा नावालाही नसतो. खोड वर निघालं, फांद्या फुटल्या की पानांच्या कडा टोचायला लागतात आणि बोंडं धरल्यावर खरं कुंपण उभं राहतं. म्हणजे हरभरा आणि करडई एकाच दिवशी पेरली, तर हरभरा कोवळा असताना राखण शून्य, वर धुऱ्यावर आमंत्रण.

यावर उपाय एकच, करडई तीन-चार आठवडे आधी पेरणे. पण सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात वावरात सोयाबीन उभं असतं. म्हणून तयारी जूनपासून करावी लागते. धुऱ्यालगत आठ-दहा फुटांच्या पट्ट्यात सोयाबीनऐवजी मूग लावा. पासष्ट-सत्तर दिवसांत तो निघतो, पट्टा मोकळा होतो, ओलही असते. लवकर पेरलेल्या करडईवर मावा (रस शोषणारी कीड) कमी पडतो, हा वरचा फायदा.

ओळी पाच, दोन ओळींत 45 सेंटिमीटर. पहिल्या वर्षी दाट म्हणजे मजबूत असं समजून 30 वर सरत्याने (पेरणीच्या नळीने) पेरली होती. झाडं उंच, बारीक, फांदी नाही, वाऱ्याने आडवी. दुसऱ्या वर्षी विरळणी करून रोपांत 15 सेंटिमीटर ठेवलं, एका ओळीतलं रोप शेजारच्या ओळीतल्या फटीसमोर येईल असं. फांद्या एकमेकींत अडकल्या, तेव्हा कुठे भिंत झाली.

जागेचा हिशेब करून बघा. चौकोनी एकराला घेर साधारण 834 फूट. साडेसात फुटांचा पट्टा म्हटलं तर साडेपाच गुंठे जातात. एका एकराला हे महाग आहे. पाच एकर सलग असतील तर साडेबारा गुंठेच लागतात. म्हणून तुकडा लहान असेल तर फक्त जंगलाकडच्या दोन बाजू करा. बियाणं एकराच्या घेराला किलोभर पुरतं.

मऊ पाल्याचे ते दीड महिने काढायला बाहेरून बांबू रोवून जुन्या साड्या बांधल्या. झटका मशीन (तारेत विजेचा सौम्य झटका सोडणारं यंत्र) असेल तर दोन तारा ओढा, पण नुसत्या दीड महिन्यासाठी मशीन विकत घेऊ नका. चितळाने एकदा शेंडा खुडला तर बिघडत नाही, उलट फांद्या वाढतात. तीच जागा रोज खाल्ली की खिंडार पडतं, आणि एकदा वाट पडली की पुढचे चार महिने कळप तिथूनच येतो. असं खिंडार दिसलं त्याच दिवशी बोरी-बाभळीच्या फांद्यांनी बुजवा. तिथे पुन्हा बी टोकण्यात अर्थ नाही, नवं रोप कोवळं असतं आणि तेच आधी खाल्लं जातं.

आता कौतुक. डिसेंबरनंतर चितळ धुऱ्यावरून परत फिरू लागली. चरत चरत येणारं जनावर काट्यात तोंड घालत नाही. कुत्रं मागे लागलेलं चितळ मात्र उडी मारून आत येतं. रोही (नीलगाय) उंच असल्यामुळे आधी वरून वाकून बघतो, पण भुकेला नसेल तर पुढे सरकतो. गावची गुरंढोरं तर पूर्ण बंद. रानडुकरासाठी भरवसा धरू नका. ते खालून, वाळलेल्या पानांमधून मुसंडी मारतं, त्यासाठी जागल सुटत नाही.

एक चूक महागात पडली. हरभऱ्याला फुलोऱ्यात तुषारचं पाणी दिलं आणि कडेच्या नोझलचं पाणी करडईवर पडत राहिलं. काळ्या जमिनीत करडईला साचलेली ओल चालत नाही. दहा दिवसांत एका कोपऱ्यात मर (झाडं वाळवणारा रोग) लागली, चाळीस फूट कुंपण गेलं. शेवटचा नोझल धुऱ्यापासून चाळीस फूट आत घ्या. कडेचा हरभरा जरा कोरडा राहिला तर राहू द्या.

काढणीला मजूर तयार होत नाहीत, त्यांचं चुकत नाही. पहाटे दव असताना काटा नरम असतो, तेव्हाच कापा. चामडी हातमोजे आणि पायाला पोत्याचं गुंडाळणं लागतं. ऊन चढलं की काम थांबवायचं. हरभरा आधी निघू शकतो, म्हणून ट्रॅक्टरची दहा फुटांची वाट पेरतानाच सोडा, नाहीतर काट्यातून चाक घालावं लागतं.

दाण्यांचं तेल घाण्यावरून काढून आणलं, मजुरीचा खर्च निघाला. त्यातले दोन किलो बियाणं राखेत घोळून डब्यात ठेवलंय, डब्यावर 'काटेरी' असं लिहून. कृषी केंद्राची पायरी यासाठी पुन्हा चढायची नाही.