प्राणी-क्रौर्याची शिक्षा : ५० रुपयांचं कलम, पाच वर्षांचं कलम आणि २०२२ चा मसुदा

गल्लीतल्या कुत्र्याला कुणी विष घातलं, तर पोलिसांना कोणतं कलम सांगायचं? आणि ‘शिक्षा कडक करा’ अशा निवेदनावर सही करताना नेमकं काय मागायचं? दोन्ही वेळी लोक आधी दंडाचा आकडा बघतात. आमच्या मते तो शेवटी बघावा. गुन्हा दखलपात्र आहे का, म्हणजे पोलिसांना दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय थेट तपास करता येतो का, आणि तक्रारीला मुदत किती, हे आधी.

१९६० च्या कायद्याचं कलम ११

प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यातल्या या कलमाचा आवाका मोठा आहे. मारहाण, झेपेल त्याहून जास्त ओझं, उपाशी ठेवणं, तासन्‌तास साखळीला बांधणं, पाळलेलं जनावर वाऱ्यावर सोडणं, सगळं यात येतं. शिक्षा मात्र पहिल्या वेळी १० ते ५० रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं, तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गुन्हा कबूल करायचा, नोट काढून द्यायची आणि घरी जायचं.

खरी अडचण दोन कमी चर्चेतल्या कलमांत आहे. कलम ३१ नुसार यातले मोजकेच गुन्हे दखलपात्र : क्रूर पद्धतीनं ठार मारणं किंवा अवयव तोडणं, झुंजी भरवणं, नेमबाजीसाठी कोंडलेले प्राणी सोडणं, आणि कलम १२ मधला दूध वाढवण्यासाठीचा फुका (दुभत्या जनावराच्या जननमार्गात हवा किंवा एखादा पदार्थ घालणं) किंवा अपायकारक इंजेक्शन. बाकी सगळी ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, त्यामुळे नोंदीचा कागद हातात पडतो आणि बहुतेकदा तिथंच थांबतो. दुसरं कलम ३६ : घटनेपासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला नाही, तर विषय संपला. प्रयोगशाळेचा अहवाल रेंगाळला की ही मुदत अहवालाआधीच संपू शकते.

भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या ४२८ आणि ४२९ या कलमांच्या जागी हे आलं. जुन्या कलमांत गाय, बैल, म्हैस, घोडा अशी ठरावीक जनावरं सोडली, तर किंमत मोजावी लागे : दहा रुपयांच्या पुढे दोन वर्षं, पन्नासच्या पुढे पाच. आता कुठल्याही प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, जायबंदी किंवा निकामी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र, पण जामीनपात्र. कमाल शिक्षा तीन वर्षांच्या वर असल्यामुळे कालमर्यादा नाही.

उणिवाही आहेत. मुळात हे ‘आगळिकी’चं, म्हणजे मालमत्तेच्या नुकसानीचं कलम आहे. कुत्रा भटका असेल, तर बचाव पक्ष विचारतो की नुकसान कुणाचं झालं. जनावर उपाशी ठेवलं पण मेलं नाही, अपंग झालं नाही, तर हे कलम लावणं अवघड. शिवाय पाच वर्षांची तरतूद म्हणजे लगेच अटक, असंही नाही. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत सहसा आधी नोटीस निघते, आणि तीन ते सात वर्षांच्या टप्प्यात पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीनं १४ दिवस प्राथमिक चौकशीही चालू शकते.

२०२२ चा मसुदा

केंद्रानं नोव्हेंबर २०२२ मध्ये हरकती-सूचनांसाठी मांडलेल्या दुरुस्तीत ‘निर्घृण क्रौर्य’ असा वेगळा वर्ग केला. त्याला ५० हजार ते ७५ हजार रुपये किंवा प्राण्याची किंमत यांपैकी जास्त असेल तो दंड, किंवा एक ते तीन वर्षं कैद, किंवा दोन्ही. ठार मारल्यास पाच वर्षांपर्यंत. प्राण्याशी लैंगिक कृत्य यात आणलं होतं. दंड संहितेचं ३७७ हे अनैसर्गिक संभोगाचं कलम गेल्यावर नव्या संहितेत त्यासाठी स्वतंत्र कलम उरलेलं नाही, म्हणून ही तरतूद आम्हाला या मसुद्यातली सर्वांत निकडीची वाटते.

किमान शिक्षेला मात्र दुसरी बाजू आहे. पन्नास रुपयांत सुटणारा आरोपी कबुली देतो. वर्षभराच्या कैदेची टांगती तलवार असलेला खटला लढवतो, आणि साक्षीदार असतो शेजारीच, तो बोलायला कचरतो.

महाराष्ट्रातली विसंगती

बैलगाडा शर्यतींसाठी राज्यानं २०१७ मध्ये याच केंद्रीय कायद्यात दुरुस्ती केली. शर्यतीत अटी मोडून बैलांना वेदना दिल्या, तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ती वैध ठरवली. म्हणजे बैल तोच, काठी तीच : घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पाच लाख, बांधावर पन्नास रुपये. विषय समवर्ती सूचीत (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांत) असल्यानं बांधावरचा आकडा बदलण्यासाठीही राज्याला दिल्लीची वाट बघत बसण्याचं कारण नाही. राष्ट्रपतींची संमती लागेल, एवढंच.

मग निवड काय?

आज तक्रार करायची असेल आणि प्राणी मेला किंवा जायबंदी झाला असेल, तर ३२५ आणि ११ दोन्ही लिहून द्या. एक जरी गुन्हा दखलपात्र असला, तरी अख्खं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेतला नाही, तर अधीक्षकांना लेखी अर्ज, आणि तिथंही दाद लागली नाही तर दंडाधिकारी.

विषप्रयोगाची प्रकरणं पुराव्यावर आपटतात. मृतदेह बर्फात ठेवा, पंचनामा झाल्याशिवाय पुरू नका, आणि शवविच्छेदन सरकारी पशुवैद्यकाकडून करून घ्या. जठर त्यातल्या अन्नासकट, यकृत आणि मूत्रपिंड वेगवेगळ्या बरण्यांत, मिठाच्या संपृक्त द्रावणात, सीलबंद जायला हवं. कुणी सवयीनं फॉर्मॅलिन ओतलं, तर विषाची रासायनिक तपासणी बिघडते. मोबाइलवरचा व्हिडिओ असेल, तर मूळ फाइल पुसू नका आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडा. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेली प्रत पुरेशी नसते.

निवेदन लिहायचं असेल, तर क्रम असा ठेवा : कलम ११ चे मारहाण आणि उपासमारीचे खंड दखलपात्र करा, कलम ३६ मधली तीन महिन्यांची मुदत वाढवा, मग दंड. कलम २९ खाली दोषीकडून जनावर काढून घेण्याचा आणि पुढं जनावर पाळायला बंदी घालण्याचा अधिकार न्यायालयाला आजही आहे, पण आधीची शिक्षा किंवा पुन्हा छळ होण्याची शक्यता दाखवावी लागते. गंभीर प्रकरणांत ही अट काढा, हेही मागा. वेसण घालणं, खच्चीकरण अशा शेतीतल्या कामांना कलम ११ मध्येच ठरलेल्या पद्धतीपुरती सूट आहे. ती तशीच राहील, हे निवेदनात स्पष्ट लिहा, नाहीतर गावातून पहिली हरकत तिथंच येते.